चिठ्ठीवरचा एक शब्द

रुग्णालयाच्या लॅबमध्ये रुग्ण येत नाही, त्याचा बल्ब येतो. महाराष्ट्रातल्या लॅबमध्ये रक्ताच्या नळीला बल्बच म्हणतात. जांभळ्या टोपणाचा ईडीटीए, लाल टोपणाचा प्लेन, करड्या टोपणाचा फ्लोराइड. वॉर्डातल्या मावशी नाहीतर मामा ते ट्रेमध्ये उभे करून आणतात, खिडकीतून आत सरकवतात आणि सोबत एक चिठ्ठी देतात. चिठ्ठीवर नाव, वय, खाटेचा क्रमांक, कोणत्या तपासण्या हव्यात ते, आणि निदानाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो : ताप.

हा ताप मलेरियाचा असतो, डेंगीचा असतो, टायफॉइडचा असतो. जवळजवळ नेहमी तो असल्याच ओळखीच्या रोगांचा निघतो. पण कधीतरी तो माकडतापाचा असतो, क्रिमियन-काँगो तापाचा असतो, निपाहचा असतो. ते कळेपर्यंत कुणीतरी तो बल्ब उघडलेला असतो, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलेला असतो, त्यातला थेंब काचेच्या पट्टीवर ओढलेला असतो. धोकादायक संसर्गाच्या रुग्णांसाठी रुग्णालयाची लॅब कशी तयार ठेवायची, हा या पुस्तकाचा विषय आहे. तयारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं आणि जाड दारांच्या खोल्या येतात. त्याही या पुस्तकात आहेत. पण निदान व्हायच्या आधीचे जे दोन-चार दिवस असतात, त्यांची काळजी मला जास्त आहे आणि पुस्तकातल्या बहुतेक लेखांनाही आहे.

ही काळजी मला कशी लागली ते सांगते. मी महाराष्ट्रात मायक्रोबायोलॉजी शिकले, काही वर्षं तिथल्या रुग्णालयात काम केलं, मग लग्नानंतर कॅलिफोर्नियात येऊन इथला परवाना मिळवला आणि पुढची सगळी नोकरी सँटा क्लारा खोऱ्यातल्या रुग्णालयांत केली. घर क्युपर्टिनोत. उन्हाळ्यात इथल्या बागांमधून संध्याकाळी फेरी मारली तर मराठी कानावर पडल्यावाचून राहत नाही. मुलाकडे, लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा बाकांवर बसलेले असतात. अशाच एक आजी तापाने आजारी पडल्या आणि आमच्या रुग्णालयात दाखल झाल्या. रक्ताचं कल्चर लावलं. चौथ्या दिवशी यंत्राने बाटलीत वाढ दिसत असल्याचा इशारा दिला. ग्रॅम स्टेनमध्ये बारीक वाळू सांडावी तसे फिकट लाल कण दिसले. आम्ही प्लेट उघड्या टेबलावर हाताळली, तपासणीच्या यंत्रात घातली, यंत्राने ‘मोराक्सेला’ असं निरुपद्रवी नाव दिलं. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने जुन्या सवयीने प्लेटचा वासही घेतला. आमच्या पिढीला जंतू वासावरून ओळखायला शिकवलं होतं. स्यूडोमोनासला द्राक्षांसारखा गोड वास येतो हे आम्ही पाठ्यपुस्तकाआधी नाकाने शिकलो.

तो ब्रुसेला होता, गुराढोरांकडून माणसाला लागणारा जिवाणू. जगभर लॅबमधल्या माणसांना कामातून होणाऱ्या जिवाणू संसर्गांमध्ये ब्रुसेलाचं नाव सर्वात वर घेतलं जातं, कारण तो प्लेटवरून हवेत सहज उडतो आणि फार थोडे जंतूही पुरतात. त्या टेबलाच्या आसपास काम केलेल्या सगळ्यांना एकवीस दिवस डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन घ्यावं लागलं, आणि चोवीस आठवडे ठरावीक अंतराने रक्त तपासून घ्यावं लागलं. कुणालाही काही झालं नाही. संसर्ग-नियंत्रण विभागातल्या नर्सने आजींच्या सूनबाईंना फोन करून विचारलं, तेव्हा कळलं की निघण्याआधी गावी गाय व्याली होती आणि अडलेलं वासरू आजींनी स्वतःच्या हाताने ओढून काढलं होतं. हा प्रश्न पहिल्या दिवशी कुणी विचारला असता आणि उत्तर चिठ्ठीवर लिहिलं असतं, तर आम्ही ती बाटली उघड्या टेबलावर आणलीच नसती. चिठ्ठीवर लिहिलं होतं : ताप.

या क्षेत्राचा इतिहास आपल्यापासून लांब घडलेला नाही, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगायला हवं. प्लेग म्हटलं की आपल्याला रँड आठवतो, चाफेकर बंधू आठवतात, पाठीवर रुग्ण वाहून नेणाऱ्या आणि त्याच साथीत गेलेल्या सावित्रीबाई आठवतात. प्रयोगशाळा आठवत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्यानंतर जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळालेली प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि एक बोळ. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. जंतूंनी भरलेले फ्लास्क त्या बोळात ठेवून काम करणाऱ्या त्या तीन शिपायांविषयी आपल्याला काहीच माहीत नाही. लॅबच्या सुरक्षिततेचा इतिहास लिहायचा झाला तर तो मला त्यांच्यापासून सुरू करावासा वाटतो.

हाफकिन यांच्या आयुष्यातली दुसरी घटना या पुस्तकाच्या विषयाला अधिक जवळची आहे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी एकोणीस माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिनच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेवर आला, त्यांची अप्रतिष्ठा झाली, काम थांबलं. पुढे स्पष्ट झालं की बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बूच काढलं गेलं होतं. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीरपणे त्यांची बाजू मांडली, तेव्हा हा कलंक पुसला जाऊ लागला. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधल्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचं नाव दिलं गेलं. खाली पडलेला चिमटा उचलल्यावर काय करायचं, हे ज्याला कुणी शिकवलंच नाही त्याच्या हातात एकोणीस जीव होते. प्रशिक्षणाविषयी मी याहून मोठं उदाहरण देऊ शकत नाही.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध हा लॅबमधल्या माणसांनी मुकाट्याने मरण्याचा काळ आहे. टायफसवर संशोधन करणारे रिकेट्स १९१० मध्ये टायफसनेच गेले, पाच वर्षांनी प्रोवाझेक गेले. त्या जंतूच्या नावात आज दोघांचीही नावं आहेत. अशा मृत्यूंना तेव्हा हौतात्म्य म्हणत. हौतात्म्य म्हटलं की कारण शोधायची गरज उरत नाही. ती गरज पहिल्यांदा पद्धतशीरपणे मानली अमेरिकी लष्कराच्या फोर्ट डेट्रिकमधल्या आर्नल्ड वेडम यांनी. पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून काढताना, बल्बचं टोपण झटक्याने उघडताना, सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटताना हवेत किती सूक्ष्म तुषार उडतात, हे त्यांच्या गटाने मोजून दाखवलं. १९७६ मध्ये रॉबर्ट पाइक यांनी जगभरातल्या ३,९२१ प्रयोगशाळाजन्य संसर्गांचा हिशेब मांडला. त्यांतल्या एक पंचमांशाहून कमी घटनांमध्ये सुई टोचणं, काच फुटणं, सांडणं असा सांगता येण्याजोगा अपघात होता. बाकीच्यांच्या बाबतीत असा कुठलाही नेमका अपघात नोंदलेला नव्हता.

मी शिकत असताना आम्ही तोंडाने पिपेट ओढत होतो. पिपेटच्या तोंडाशी कापसाचा बोळा बसवायचा आणि ओढायचं. सीरम असो, लघवी असो, कधी कधी जंतूंचं द्रावणही. चव आली तर थुंकायचं, चूळ भरायची, पुढचा बल्ब घ्यायचा. हे सांगताना मला आजही अंगावर काटा येतो, कारण माझ्या बरोबरीच्या दोन मैत्रिणींना त्या काळात कावीळ झाली आणि ती कशाने झाली हे कुणी शोधलंही नाही.

१९६७ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्ग आणि फ्रँकफुर्टला आणि युगोस्लाव्हियातल्या बेलग्रेडला युगांडातून आणलेल्या माकडांच्या पेशींवर काम करणाऱ्यांना एक अनोळखी रक्तस्रावी ताप झाला. एकतीस जण आजारी पडले, सात दगावले. तोवर या विषाणूचं नावही जगाला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे त्याच्या दहा वर्षं आधी तेच घडत होतं. १९५२ मध्ये पुण्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र काढलं होतं. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणू लागली आणि त्याचा विषाणू या केंद्राने शोधला. गोचिडीतून पसरणारा हाच तो माकडताप. त्याच्यावर काम करताना केंद्रातल्या अनेक कर्मचाऱ्यांना लागण झाली. आज पुण्यात पाषाणला, याच केंद्राची पुढे झालेल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेची चौथ्या पातळीची जी प्रयोगशाळा २०१२ पासून उभी आहे, तिच्या भिंतींमागे हा अनुभव आहे.

पातळ्यांचा उल्लेख आलाच आहे, तर नवख्या वाचकासाठी थोडक्यात. १९७४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जंतूंची धोक्यानुसार वर्गवारी केली. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं आणि १९८४ मध्ये अमेरिकेचं असं जैवसुरक्षेचं एकेक मार्गदर्शक पुस्तक निघालं. त्यांतून चार पातळ्या रूढ झाल्या. महाविद्यालयातली साधी लॅब पहिली, रुग्णालयाची लॅब दुसरी, क्षयाचं कल्चर तिसरी, इबोलासारख्या विषाणूंचं संशोधन चौथी. पण २०२० च्या आवृत्तीत जागतिक आरोग्य संघटनेने इमारतीच्या पातळीपेक्षा प्रत्यक्ष कृतीच्या धोक्याला आधी धरलं. तोच जंतू असला तरी त्याची स्लाइड पाहणं वेगळं आणि तो लिटरभर वाढवणं वेगळं, हा तो विचार. रुग्णालयाच्या लॅबला हा बदल मानवणारा आहे, कारण आपण कोणत्या पातळीचा जंतू हाताळतो आहोत हे तिला आधी माहीतच नसतं.

या अज्ञानाला धरून वागायचं पहिलं शहाणपण एचआयव्हीने शिकवलं. चेन्नईतल्या मराठी घरात जन्मलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला सेल्लप्पन ही विद्यार्थिनी रक्ताचे नमुने गोळा करत होती. ते तिने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले होते, कारण दुसरी जागा नव्हती. १९८६ च्या फेब्रुवारीत वेल्लोरला ते तपासले, तेव्हा सहा नमुन्यांनी रंग बदलला आणि भारतात एचआयव्ही आहे हे सिद्ध झालं. त्याच सुमारास अमेरिकेत सार्वत्रिक खबरदारीचं तत्त्व पुढे आलं : कुणाचंही रक्त संसर्गजन्य आहे असंच धरून चाला. हातमोजे, सुई पुन्हा टोपणात न घालणं, तोंडाने पिपेट बंद. एखाद्या रुग्णावर शिक्का न मारता सगळ्यांशी सारखं वागणारं हे तत्त्व मला वैद्यकातल्या सर्वात सभ्य नियमांपैकी एक वाटतं.

पण ते रक्तातून पसरणाऱ्या रोगांसाठी होतं. हवेतून पसरणाऱ्यांना ते अपुरं पडतं. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा प्लेग आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला, तेव्हा माणसं मिळेल त्या गाडीने सुरत सोडून निघाली. तो प्लेगच होता का यावर पुढे बराच काळ वाद चालला, कारण पहिल्या दिवसांत खात्रीचं निदान करणारी व्यवस्था हाताशी नव्हती. २००१ मध्ये सिलिगुडीत सहासष्ट जण एका अनाकलनीय तापाने आजारी पडले. त्यांत बहुतेक जण रुग्णालयातले कर्मचारी आणि रुग्णाला भेटायला आलेले होते. तो निपाह होता, हे साठवलेल्या नमुन्यांवरून काही वर्षांनी कळलं. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत साणंद तालुक्यातल्या कोलाट गावच्या एका स्त्रीपाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही दगावले, आणि पुण्याच्या संस्थेने तो क्रिमियन-काँगो ताप असल्याचं सांगितलं. २०१८ मध्ये कोळिकोडला निपाह फार लवकर ओळखला गेला, कारण डॉक्टरांना शंका आली आणि मणिपालची प्रयोगशाळा जवळ होती. शंका घेणारा डॉक्टर आणि ती शंका ऐकणारी लॅब, या दोन गोष्टी त्या वेळी एकत्र आल्या.

अमेरिकेत १९९९ मध्ये रोगनियंत्रण केंद्र, एफबीआय आणि सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांची संघटना यांनी मिळून प्रयोगशाळांचं एक जाळं विणलं. त्यात साध्या रुग्णालयांच्या लॅब पहारेकरी मानल्या जातात. पहारेकऱ्याने चोराशी झुंजायचं नसतं. संशयास्पद प्लेट दिसली की थांबायचं, प्लेट टेप लावून बंद करायची, काउंटीच्या प्रयोगशाळेला फोन करायचा, एवढंच त्याचं काम. आमच्या ब्रुसेलाच्या वेळी हे सगळं आम्हाला पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते.

मग २०१४ चा इबोला. लायबेरियातून डलासला आलेला एक रुग्ण सप्टेंबरच्या अखेरीस रुग्णालयात गेला. तो कुठून आला हे नर्सने नोंदवलं होतं, पण ते पुढे नीट पोचलं नाही आणि त्याला घरी पाठवलं गेलं. त्याचं रक्त इतर बल्बांसोबत नेहमीच्या लॅबमधून गेलं. तो ८ ऑक्टोबरला दगावला आणि दोन नर्सना लागण झाली. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठ रुग्णालयात इबोलाचे रुग्ण आणले गेले, तेव्हा त्यांनी विलगीकरण कक्षातच छोटी लॅब मांडली होती. तिचा उपयोग इबोला ओळखायला नव्हता, ते निदान आधीच झालं होतं. तिचं काम पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम पाहणं हे होतं. जुलाब-उलट्यांनी रुग्ण कोरडा पडत होता आणि पोटॅशियम इतकं खाली जात होतं की ते भरून काढल्याशिवाय त्याला वाचवणं अवघड होतं. सर्वात भयंकर विषाणूच्या रुग्णालाही रोजची तीच साधी तपासणी हवी असते. हे अनेक रुग्णालयांना २०१४ मध्ये पहिल्यांदा नीट उमगलं.

इथूनच या क्षेत्रातले पंथ वेगळे होतात. एमरीची वाट घेणारे म्हणतात, रुग्णाच्या खोलीशेजारी हातात मावणारी यंत्रं ठेवा, सॅम्पल तिथून हलवूच नका. दुसऱ्यांचं म्हणणं असं की मुख्य लॅबमधली मोठी स्वयंचलित यंत्रं टोपणबंद बल्बमधूनच रक्त ओढतात. माणसाने हाताने करण्यापेक्षा ती सुरक्षित, शिवाय तिथे तपासण्या जास्त मिळतात. ब्रिटनने पूर्वी रुग्णाला प्लॅस्टिकच्या तंबूसारख्या ट्रेक्सलर विलगकात ठेवण्यावर भर दिला होता. त्याच ब्रिटनच्या मार्गदर्शनात पुढे अशा रुग्णांच्या नेहमीच्या तपासण्या बंद स्वयंचलित यंत्रांवर करायला मोकळीक दिली गेली. तिसरे म्हणतात, हात लावण्याआधी विषाणू मारून टाका. उष्णता द्या, रसायन घाला, मग तपासा. पण उष्णतेने विषाणूसोबत एन्झाइमही जातात आणि यकृताच्या तपासणीला अर्थ उरत नाही. चौथा विचार लॅबच रुग्णाच्या गावी न्यायचा. २०१४ मध्ये गिनीत युरोपची फिरती लॅब अशीच पोचली होती, आणि भारतातली तिसऱ्या पातळीची पहिली फिरती प्रयोगशाळा फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकला सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती निपाहसाठी कोळिकोडला गेली.

माझा कल दुसऱ्या बाजूला आहे आणि तो लपवायचं मला कारण नाही. शेजारच्या खोलीतली छोटी लॅब दिवसा चांगली चालते. रात्री तीन वाजता पाळीवर एकच माणूस असतो. त्याने सहा महिन्यांत त्या यंत्राला हात लावलेला नसतो, आणि अनोळखी यंत्र हे अनोळखी जंतूइतकंच घातक असतं. शिवाय मलेरिया तपासायचा तर स्लाइड लागते. आफ्रिकेतून आलेल्या तापाच्या प्रवाशाला इबोलापेक्षा मलेरिया असण्याची शक्यता कितीतरी जास्त. २०१४ च्या भीतीत सॅम्पलला हात लावायलाच नकार देणाऱ्या लॅबही होत्या, आणि वेळेत न पाहिलेला मलेरिया माणसाला नेतो. संसर्गाची भीती वाटते म्हणून रुग्णाचं रक्त तपासायचंच नाही, याला मी तयारी म्हणणार नाही.

यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. इबोलाचा बल्ब फिरलेलं यंत्र निर्जंतुक कसं करायचं, पुढे दुरुस्तीला आलेल्या माणसाने ते उघडायचं का, त्यातून गटारात जाणाऱ्या पाण्याचं काय, याला त्या वेळी कुणाकडे नेमकं उत्तर नव्हतं. उत्तरं हळूहळू तयार होत आहेत, आणि पुस्तकातल्या यंत्रांविषयीच्या लेखांना म्हणूनच मी सर्वात जास्त महत्त्व देते.

आता २०२० कडे येते, कारण क्युपर्टिनोत राहणाऱ्याला ते टाळता येत नाही. आमच्या गावात मोठं रुग्णालय नाही. आजारी माणूस माउंटन व्ह्यू, सँटा क्लारा, सॅन होजे किंवा पालो आल्टोला जातो. ३१ जानेवारीला सँटा क्लारा काउंटीत कोविडचा पहिला रुग्ण नोंदला गेला. तेव्हा सॅम्पल अटलांटाला रोगनियंत्रण केंद्राकडे पाठवावं लागत होतं. रोगनियंत्रण केंद्राने काउंट्यांना पाठवलेल्या किटमधल्या एका घटकात दोष निघाला आणि फेब्रुवारीचे बहुमोल आठवडे वाया गेले. तपासणी फक्त चीनहून आलेल्यांसाठी आणि ज्ञात रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांसाठी होती. स्टॅनफर्डच्या विषाणू लॅबने स्वतःची तपासणी मार्चच्या सुरुवातीला रुग्णांसाठी खुली केली. १६ मार्चला काउंटीच्या तेव्हाच्या आरोग्य अधिकारी डॉ. सेरा कोडी यांनी शेजारच्या काउंट्यांसोबत घरीच राहण्याचा आदेश काढला. आणि २१ एप्रिलला काउंटीने जाहीर केलं की ६ फेब्रुवारीला आणि १७ फेब्रुवारीला घरी दगावलेल्या दोघांच्या ऊतींमध्ये हा विषाणू सापडला आहे. म्हणजे तो आमच्यात होता. तापाचे, खोकल्याचे बल्ब आमच्या खिडकीतून येत होते, आम्ही ते उघडत होतो, फिरवत होतो, आणि चिठ्ठीवर काय लिहिलं होतं हे आता सांगायला नको.

भारतात त्या जानेवारीत ही तपासणी फक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत होत होती. जूनपर्यंत हजारावर लॅब ती करू लागल्या. पुण्याच्या मायलॅबमध्ये मीनल दाखवे-भोसले यांच्या चमूने पहिलं मंजूर देशी किट तयार केलं, तेही त्या बाळंतपणाच्या उंबरठ्यावर असताना. मुंबईत कस्तुरबा रुग्णालयाने पहिली लाट अंगावर घेतली. प्लेगच्याही आधी, १८९२ पासून आर्थर रोडवर उभं असलेलं हे संसर्गजन्य रोगांचं रुग्णालय आहे, आणि त्याच्या लॅबवर त्या वसंतात किती भार होता हे तिथल्या माणसांनी लिहावं अशी माझी फार इच्छा आहे. आपल्याकडे डॉक्टरांच्या आठवणी येतात. नर्सच्या थोड्या येतात. टेक्निशियनच्या येतच नाहीत.

कोविडच्या निमित्ताने आलेली यंत्रं आता आहेत. जिल्ह्याजिल्ह्यात पीसीआर आहे, जैवसुरक्षा कॅबिनेट आहेत. पण कॅबिनेटचा फिल्टर तपासायला माणूस शेवटचा कधी आला होता, हे मी गेल्या काही वर्षांत सुट्टीवर आल्यावर ज्या ज्या लॅबमध्ये डोकावले तिथे विचारलं, आणि उत्तर क्वचितच मिळालं. हवा नीट न ओढणारं कॅबिनेट टेबलापेक्षा वाईट, कारण टेबलावर माणूस निदान जपून वागतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार रक्ताचे नमुने आणि कल्चरच्या प्लेट बाहेर जाण्याआधी जागेवरच निर्जंतुक करायच्या असतात. त्यासाठी ऑटोक्लेव्ह चालू लागतो, वीज लागते, आणि तो खरंच तापला का हे पाहायला एक पट्टी आणि एक वही लागते. यातलं काहीच महाग नाही.

आणि धोका लांबचा नाही. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीला, २०१६ मध्ये सिंधुदुर्गात माकडताप पोचला. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना गोचीड चावते. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाहच्या खुणा राष्ट्रीय विषाणू संस्थेला सापडल्या आहेत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाने कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण दशकापूर्वीच जगासमोर ठेवले. थुंकीची डबी उघडणारा प्रत्येक माणूस रोज त्या धोक्याला सामोरा जातो, पण क्षय जुना आहे म्हणून त्याला कुणी भयंकर म्हणत नाही. माझ्या मते महाराष्ट्रातल्या लॅबची खरी कसोटी इबोलाने नव्हे, क्षयाने लागते. जी लॅब थुंकीची डबी नीट उघडते ती निपाहलाही अर्धी तयार असते.

मार्च महिन्यात सिंधुदुर्गातल्या बांद्याहून निघालेली आजी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी क्युपर्टिनोत नातवाला जवळ घेते. माकडतापाची लक्षणं दिसायला तीन ते आठ दिवस लागतात. इथल्या अर्जावर प्रवासाचा रकाना असतो आणि त्यात लिहिलं जातं ‘भारत’. पण भारत म्हणजे कुठे? काजूच्या बागेत, गोठ्यात, की अंधेरीतल्या फ्लॅटमध्ये? हा प्रश्न मराठी सून विचारू शकते, मराठी डॉक्टर विचारू शकतो, आणि तो लॅबपर्यंत पोचवायला एक ओळ पुरते. या खोऱ्यात राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे पुस्तक वाचावं असं मला वाटतं ते यासाठीही.

पुस्तक काय करतं, ते दोन शब्दांत. महाराष्ट्रात आणि अमेरिकेत लॅबमध्ये उभं राहून काम केलेल्यांनी हे लेख लिहिले आहेत. त्यांनी नियमावली लिहिलेली नाही; नियमावल्या सरकारकडे आहेत आणि त्या बदलतात. त्यांनी काम लिहिलं आहे. सेंट्रिफ्यूज थांबल्यावर झाकण उघडायला का थांबायचं आणि थांबताना काय करायचं. संशयाचा बल्ब हवेच्या नळीतून का पाठवायचा नाही आणि कुणाच्या हाती, कोणत्या डब्यात, कोणत्या जिन्याने न्यायचा. हातमोजे काढताना समोर नजर ठेवणारा जोडीदार का हवा. सांडलं तर पहिल्यांदा ओरडायचं की पुसायचं. सगळे लेखक एकमताचे नाहीत. यंत्रांच्या प्रश्नावर दोन लेख तर एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि संपादक म्हणून मी ते मुद्दाम तसेच ठेवले. इंग्रजी शब्द जिथे लॅबमध्ये बोलले जातात तिथे तेच राहू दिले आहेत. सेंट्रिफ्यूजला कुणी अपकेंद्रक म्हणताना मी ऐकलेलं नाही, आणि घाईच्या वेळी माणसाला ओळखीचाच शब्द हवा असतो.

वाचकाने कुठूनही सुरुवात करावी. लॅब टेक्नॉलॉजीच्या पदविकेच्या, म्हणजे डीएमएलटीच्या, विद्यार्थ्यांना मी रात्रपाळीविषयीच्या लेखाकडे आधी पाठवीन, रुग्णालय चालवणाऱ्यांना कचऱ्याच्या लेखाकडे. आणि वॉर्डात चिठ्ठी लिहिणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी शेवटी एक कोरा नमुना-अर्ज जोडला आहे. त्यात निदानाच्या रकान्याखाली आणखी तीन ओळी आहेत : गेल्या महिन्यात कुठे राहिलात, कोणत्या जनावरांजवळ गेलात, घरात आणखी कोण आजारी आहे. तो कापून घ्यावा, हव्या तेवढ्या प्रती काढाव्यात.